उशिरा शिकणारी लेकरे
(प्रौढ साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



आजचा विषय शी-शूचा आहे. हा काय भाषणाचा विषय झाला, असे कोणाला वाटेल. मागे बसलेल्या पोरींना हसू येईल. येऊ द्या. एकदा हसून घ्या आणि मग नीट ऐका. कारण ज्या घरात सात-आठ वर्षांचे पोर अजून चड्डीत शी-शू करते, त्या घरात या गोष्टीचे कोणाला हसू येत नाही.

आपल्या गावांत अशी लेकरे आहेत. कोणाची बुद्धी हळू वाढते. कोणाचे हातपाय ताठ असतात, त्याला उकिडवे बसता येत नाही. कोणी डाऊन सिंड्रोम घेऊन जन्माला येते. कोणी स्वमग्न असते.

स्वमग्न म्हणजे काय? असे मूल आपल्याच नादात असते. हाक मारली तर बघत नाही. उशिरा बोलते, नाहीतर बोलतच नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करते. रोजच्या क्रमात थोडा बदल झाला की बिथरते. डॉक्टर याला ऑटिझम म्हणतात.

गाव अशा लेकरांना काय म्हणते, ते तुम्हाला ठाऊक आहे. येडं म्हणते, खुळं म्हणते. कोणी म्हणते, आईचे मागच्या जन्मीचे पाप. हे सारे खोटे आहे. यात पाप कोणाचेही नाही. मूल हट्टी नाही, आळशी नाही, आणि आईने हयगय केली असेही नाही. कोणाचे पाय अधू असतात, तशी या लेकरांची समज हळू चालते.

आम्हाला आज एकच गोष्ट सांगायची आहे. ही लेकरे उशिरा शिकतात, पण शिकतात. उशीर झाला म्हणजे दार बंद झाले, असे नव्हे.

एवढे महत्त्व कशासाठी?

कोणी म्हणेल, "गुर्जी, त्याला बोलता येईना, मोजता येईना. आन् तुम्ही शी-शूचं काय घेऊन बसलात?"

सांगतो. आम्ही आयुष्य शाळेत काढले. अशा मुलाला शाळेत का ठेवत नाहीत, हे आम्ही जवळून पाहिले आहे. मुलाला अक्षर येत नाही, म्हणून त्याला कोणी घरी धाडत नाही. तो वर्गात घाण करतो, म्हणून धाडतात. एका शाळेत एका आईला सरळ सांगितले, "याला आधी संडासला जायला शिकवा, मग आणा." आईने मान खाली घातली आणि पोराला घेऊन गेली. ते पोर पुन्हा शाळेत आले नाही.

हे सांगणे कायद्याला धरून नव्हते. त्याबद्दल पुढे बोलू. पण शी-शू येत नाही म्हणून शाळेचे दार बंद होते, हे खरे.

दुसरी गोष्ट आईची. अशा मुलाची आई कामाला जाऊ शकत नाही. लग्नाकार्याला जात नाही, माहेरी जात नाही. दिवसातून सहा वेळा कपडे धुते. पोर दहा वर्षांचे होते, बारा वर्षांचे होते. आईची कंबर मोडते. आई गेल्यावर याचे कोण करणार, ही चिंता तिला रात्री झोपू देत नाही.

तिसरी गोष्ट मुलीची. ती अधिक नाजूक आहे. जिला स्वतःची चड्डी काढता-घालता येत नाही, तिचे कपडे दुसऱ्या कोणाला काढावे लागतात. मुलगी मोठी होते. हात लावणारा प्रत्येक माणूस चांगलाच असेल, याची खात्री कोण देईल?

म्हणून शी-शू ही लहान गोष्ट नव्हे. यात मुलाची शाळा आहे, आईची सुटका आहे आणि मुलीची अब्रू आहे.

तुम्ही कसे शिकलात?

आता थोडे तुमच्याविषयी बोलू. तुम्ही या वर्गात चाळिशीला, पन्नाशीला आलात. लोक म्हणाले, "म्हातारपणी कशाला पाटी घेता?" पण आज तुम्ही सही करता, बसची पाटी वाचता. हे कसे झाले?

पहिल्या दिवशी शिक्षकाने तुम्हाला पोथी दिली का? नाही. आधी रेघ काढायला लावली. मग गोल. मग 'ग' आणि 'म'. तुमचा हात धरून गिरवून घेतले. हळूच हात सोडला. चुकले तर पुसले, पुन्हा काढले. कोणी छडी मारली नाही. रोज त्याच वेळी, त्याच जागी तुम्ही बसलात. म्हणून अक्षर आले.

या लेकरांना शी-शू अशीच शिकवायची. मोठ्या कामाचे लहान तुकडे करायचे. हात धरायचा आणि हळूहळू सोडायचा. रोज तीच वेळ, तीच जागा. आणि मार नाही.

ही काही आमच्या पदरची गोष्ट नाही. इटली देशात मारिया माँटेसरी नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी प्रथम मंदबुद्धीच्या मुलांनाच शिकवले. लोक म्हणत, ही मुले शिकणार नाहीत. ती लिहाय-वाचायला शिकली. तीच पद्धत घेऊन त्यांनी १९०७ साली रोम शहरात सगळ्या मुलांसाठी बालगृह काढले. बटण लावणे, गाठ सोडणे हेसुद्धा त्या लाकडी चौकटीवर शिकवीत. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात खेड्यातल्या मुलांसाठी अशा शिक्षणाचे काम सुरू केले.

आणखी एक दाखला ऐका. १९७१ साली अमेरिकेत अझ्रिन आणि फॉक्स या दोघांनी एक प्रयोग छापला. एका संस्थेत नऊ मोठी माणसे होती. त्यांची बुद्धी फारच कमी होती. ती कपड्यांत शी-शू करीत. त्यांना भरपूर पाणी आणि सरबत पाजले, म्हणजे लघवी वारंवार लागेल आणि शिकण्याची संधी वारंवार मिळेल. ठरावीक वेळेला संडासात नेले. जमले की लगेच बक्षीस दिले. थोड्याच दिवसांत कपडे खराब होण्याचे प्रमाण शेकडा नव्वदने कमी झाले. ती लहान मुले नव्हती, वाढलेली माणसे होती. ती शिकली.

तिथे दिवसभर शिकवायला माणसे होती. आपल्या घरी तसे नसते. आपल्याला काही महिने लागतील, एखाद्याला वर्ष-दोन वर्षे लागतील. पण वाट तीच आहे.

आधी डॉक्टर

शिकवण्याआधी मुलाला दवाखान्यात दाखवा. शरीरात दुखणे असेल तर शिकवून उपयोग नाही.

सगळ्यात मोठे दुखणे बद्धकोष्ठाचे. या मुलांना ते फार असते. मळाचा खडा आत अडकतो. शी करताना दुखते, म्हणून मूल शी धरून ठेवते. धरली की खडा आणखी मोठा होतो. मग त्या खड्याच्या बाजूने पातळ मळ झिरपतो आणि चड्डी सारखी घाण होते. आईला वाटते, पोराला जुलाब लागले. ती जुलाब थांबवण्याचे औषध देते. त्याने खडा आणखी घट्ट होतो. म्हणून मनाने औषध देऊ नका. पोट कडक लागते का, तीन-तीन दिवस शी होत नाही का, हे डॉक्टरला सांगा.

लघवी करताना मूल रडते का? लघवीला घाण वास येतो का? जंत झाले आहेत का? कोरडे राहणारे मूल एकाएकी अंथरूण ओले करू लागले आणि पाणीही फार पिऊ लागले का? मग साखरेचा आजार नाही ना, हे त्याच दिवशी तपासून घ्या. लघवी सारखी थेंब थेंब गळते का? तर कण्याची आणि मज्जातंतूंची तपासणी करावी लागते.

खाण्याकडेही बघा. भाकरी, डाळ, पालेभाजी, पेरू, पपई द्या. बिस्किटे आणि मैद्याचे पदार्थ कमी करा. पाणी तोडू नका. काही आया चड्डी ओली होऊ नये म्हणून पोराला पाणी देत नाहीत. त्याने बद्धकोष्ठ वाढते आणि लघवी जळजळते.

मूल तयार आहे का?

शेजारणीचे पोर तीन वर्षांत शिकले, म्हणून आपलेही शिकावे, असा हिशेब करू नका. हाताची पाची बोटे सारखी नसतात. वय बघू नका, खुणा बघा.

मूल तास-दीड तास कोरडे राहते का? शी करताना कोपऱ्यात जाऊन बसते का? ओले झाले की चड्डी ओढते का? दोन-तीन मिनिटे एका जागी बसते का? यातल्या एक-दोन खुणा दिसल्या की सुरुवात करा. दिसल्या नाहीत तरी वर्षानुवर्षे वाट बघत बसू नका. थोडा वेळ बसण्याची सवय तर लावता येते.

सुगी संपल्यावर, पावसाळ्याच्या आधी सुरुवात केलेली बरी. शेतात काम कमी असते. अंगावर कपडे कमी असतात आणि धुतलेले लगेच वाळतात. पावसात ओल्या चड्ड्यांचा ढीग पडला की आईचा धीर सुटतो. घरात लग्न असेल, बाळंतपण असेल, तर ते होऊ द्या. मग सुरू करा.

लिहिलेले कामाला येते

आता तुमच्या विद्येचे काम. दहा दिवस काही शिकवायचे नाही. फक्त बघायचे आणि लिहायचे.

जुन्या दिनदर्शिकेचे पान घ्या, मागची बाजू कोरी असते. मूल उठल्यापासून झोपेपर्यंत दर तासाला बघा. कोरडे असेल तर 'को' लिहा. लघवी झाली तर 'शू' लिहा. परसाकडे झाले तर 'शी' लिहा. मूल कधी जेवले तेही लिहा. एवढी अक्षरे तुम्हाला येतात.

समजा, एका मुलाचे पान असे आहे:

६ वाजता – शू.
७ वाजता – चहा, भाकरी.
८ वाजता – शी.
९ वाजता – को.
१० वाजता – शू.
११ वाजता – को.
१२ वाजता – शू, जेवण.

हे पान काय सांगते? मूल उठल्या उठल्या शू करते. खाल्ल्यावर तासाभरात शी करते. नंतर साधारण दोन तासांनी शू करते. दहा दिवस असेच दिसले, तर याची वेळ आपल्याला सापडली. आता घड्याळ बघून, वेळेच्या पाच-दहा मिनिटे आधी त्याला न्यायचे.

खाल्ल्यावर शी का होते? पोटात अन्न पडले की आतडी हलू लागतात. हा शरीराचा नियम आहे. म्हणून जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांनी बसवणे सगळ्यात चांगले.

आईला लिहिता येत नसेल तर बापाने लिहावे, मोठ्या बहिणीने लिहावे. हे काम एकट्या आईचे नाही. रात्री बापाने ते पान वाचावे आणि विचारावे, "आज किती वेळा कोरडा होता?" एवढे विचारले तरी बायकोला दहा हत्तींचे बळ येते.

जागा ठरवा

एकच जागा ठरवा. आज परसात, उद्या मोरीत, परवा ओढ्यावर, असे करू नका. स्वमग्न मूल ज्या जागेला शिकते, ती जागा धरून बसते. रानात जायला शिकवले तर पुढे संडासात बसत नाही. म्हणून पहिल्यापासून संडासच दाखवा.

२०१४ साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि पात्र घरांना संडासासाठी १२,००० रुपये देण्याचे ठरले. गावोगाव संडास झाले. पण काही घरांत त्यात गोवऱ्या आणि सरपण भरलेले आम्ही पाहिले आहे. ते आधी बाहेर काढा.

मग मुलाच्या डोळ्याने आत बघा. अंधार आहे का? दिवा लावा. पाय घसरतो का? फरशी खरखरीत करा. मुलाला धरायला समोरच्या भिंतीवर लाकडाचा दांडा किंवा लोखंडी नळी पक्की बसवा. गावचा सुतार तासाभरात बसवून देईल. भांड्याच्या भोकाची भीती वाटते का? काही मुलांना वाटते, आपण आत पडू. आधी त्यावर फळी ठेवून नुसते उभे राहू द्या. मग बसू द्या. मग फळी काढा.

ज्याचे पाय ताठ आहेत, त्याला उकिडवे बसवू नका. जुन्या खुर्चीला मधोमध भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा, खाली बादली ठेवा. हात टेकायला जागा असावी आणि पाय जमिनीला किंवा पाटावर टेकलेले असावेत. पाय लोंबकळत असले तर पोटाला जोर येत नाही.

चड्डी नाडीची नको. इलास्टिकची, सैल द्या. नाडीची गाठ सुटेपर्यंत पोर ओले होते आणि शिव्या पोराला बसतात.

एका कामाचे दहा तुकडे

संडासला जाणे हे एक काम नाही. मोजून बघा. खूण करणे. संडासापर्यंत जाणे. दार लावणे. चड्डी खाली करणे. बसणे. शी किंवा शू करणे. धुणे. चड्डी वर घेणे. पाणी ओतणे. साबणाने हात धुणे. ही दहा कामे झाली. सगळी एकदम शिकवली तर मूल गोंधळते.

शेवटापासून सुरुवात करा. पहिले काही दिवस सगळे तुम्ही करा, फक्त शेवटचे हात धुणे मुलाला करू द्या. ते आले की पाणी ओतणेही त्याचे. मग चड्डी वर घेणे. असे मागे मागे जा. यात फायदा असा, की प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातून पुरे होते. 'मी केलं' असे त्याला वाटते.

हात धरून करवून घ्या. मग मनगट धरा. मग कोपराला नुसता स्पर्श करा. मग बोटाने दाखवा. मग काही करू नका.

शब्द एकच ठेवा. 'शू' तर 'शू'. आजीने 'लघवी', बापाने 'एक नंबर' म्हणायचे नाही. "बाळा, तुला शू लागली आहे का, जायचं का आपण?" असे लांब विचारू नका. "चल, शू" एवढेच म्हणा आणि न्या. बोलता न येणाऱ्या मुलाला एक खूण शिकवा. पोटावर हात ठेवणे चालेल. पुठ्ठ्यावर संडासाचे चित्र काढून दोरीला टांगा. मुलाने ते हातात दिले की लगेच न्यायचे. त्या वेळी "थांब जरा, भाकरी टाकते" म्हणू नका. तवा उतरवा आणि उठा.

एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका. झाले नाही तरी रागवू नका. उठवा आणि थोड्या वेळाने पुन्हा न्या.

झाले की त्याच क्षणी शाबासकी द्या. गुळाचा लहान खडा, चार फुटाणे किंवा त्याला आवडणारी एखादी वस्तू द्या. संध्याकाळी दिलेले बक्षीस कशाचे, हे त्याला कळत नाही. पुढे सवय झाली की गूळ कमी करा. शाबासकी मात्र चालू ठेवा.

चड्डीत झाली तर?

होणारच. अक्षर गिरवताना तुमचे किती वेळा चुकले?

ओरडू नका, मारू नका, चटका देऊ नका. चारचौघांत उघडे करून लाजवू नका. मारलेले मूल संडासला भिते. मग शी धरून ठेवते, आणि पुन्हा बद्धकोष्ठ होते. नाहीतर पलंगाखाली लपून करते. मारून काम सोपे होत नाही, दुप्पट होते.

शांतपणे "ओलं झालं" म्हणा. संडासात न्या. तिथे कपडे बदला. ओली चड्डी त्याच्याच हाताने बादलीत टाकू द्या. एवढेच. त्या वेळी गूळही नको आणि रागही नको.

स्वमग्न मुलाच्या काही गोष्टी वेगळ्या असतात. बादली आपटल्याचा आवाज त्याच्या कानाला फार मोठा वाटतो. फिनेलचा वास त्याला सहन होत नाही. थंड पाण्याने ते दचकते. कधी त्याला तोच तांब्या हवा असतो. हे लाड नव्हेत. आवाज कमी करा, पाणी कोमट घ्या, तांब्या तोच ठेवा. काम होते आहे ना, मग तांब्यावरून भांडण कशाला?

काही मुले शीत हात घालतात, भिंतीला फासतात. आई रडकुंडीला येते. त्याची कारणे असतात. खाज असते, जंत असतात, पोट साफ नसते, नाहीतर बोटांना मऊ काहीतरी हवे असते. डॉक्टरला दाखवा. गाजावाजा न करता धुऊन टाका. दिवसा त्याला मळलेली कणीक किंवा ओली माती खेळायला द्या.

रात्रीचे कोरडे राहणे सगळ्यात शेवटी येते. आधी दिवस साधा. झोपण्यापूर्वी एकदा न्या, गोधडीखाली मेणकापड घाला आणि धीर धरा.

मुलींसाठी दोन शब्द

मुलीला दार लावायला शिकवा. अंग झाकायला शिकवा. तिला धुण्या-पुसण्याला मदत कोणी करायची, हे घरात ठरवा. आई, आजी, मोठी बहीण, बस्स. चार माणसांपुढे तिचे कपडे बदलू नका. जिची लाज आपणच राखली नाही, तिला लाज कशी कळणार?

पाळी येण्याआधीच तयारी करा. घडी कशी बसवायची, कशी बदलायची, हे त्याच पद्धतीने शिकवा. लहान तुकडे करा, हात धरा, हळूहळू सोडा.

ज्या मुलीला बोलता येत नाही, तिला झालेला त्रास ती सांगू शकत नाही. ती एकाएकी एखाद्या माणसाला भिऊ लागली, शिकलेली शी-शू विसरली, अंगावर जखम दिसली, तर लक्ष द्या. तिला डॉक्टरकडे न्या. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत. मुलग्यांनाही असा त्रास होतो, हेही विसरू नका.

हक्काच्या गोष्टी

आता कायद्याचे सांगतो. शिक्षण हक्काचा कायदा २००९ सालचा आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत मोफत शिक्षण आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालचा आहे. त्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. स्वमग्नता आणि बौद्धिक अपंगत्व त्यांत आहे. ज्याचे अपंगत्व शेकडा चाळीस किंवा त्याहून अधिक आहे, त्याला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेत जावे किंवा विशेष शाळेत जावे.

म्हणून शी-शू येत नाही, या कारणाने शाळेला मूल नाकारता येत नाही. कोणी नाकारले तर भांडू नका, पण परतही फिरू नका. "गुरुजी, हे लेखी द्या," असे नम्रपणे म्हणा. बहुतेक वेळा तिथेच मार्ग निघतो. शाळेला तुमचे पान दाखवा. "हा दहा वाजता आणि बारा वाजता जातो, त्या वेळी त्याला आठवण करा," एवढे सांगा. शिक्षकालाही ते सोपे जाते.

अंगणवाडीत आणि शाळेत मुलांना तपासायला डॉक्टरांचे पथक येते. त्या दिवशी मुलाला घरी लपवू नका. पुढे जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला मिळतो. आशाताईला विचारा. स्वमग्न, बुद्धीने मंद आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी 'निरामय' नावाची विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत उपचाराची सोय आहे. दाखला असला की ही दारे उघडतात. अर्ज भरता येत नसेल तर या वर्गात घेऊन या. आपण बसून भरू. अक्षर शिकलो ते कशासाठी?

आणि शेजाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घरी असे मूल नसेल. पण शेजारी असेल. त्याच्या आईला "अजून शिकला नाही का?" असे विचारू नका. त्यापेक्षा म्हणा, "वहिनी, तासभर मी बघते, तुम्ही बाजार करून या." यात सारे आले.

लक्षात ठेवा

१. मूल उशिरा शिकते, पण शिकते.
२. आधी डॉक्टरला दाखवा. पोट साफ आहे का ते बघा.
३. दहा दिवस लिहा: को, शू, शी.
४. जागा एक, वेळ एक, शब्द एक.
५. कामाचे तुकडे करा. शेवटापासून शिकवा.
६. जमले की लगेच शाबासकी. चुकले की शांतपणे साफ करा.
७. मारू नका. लाजवू नका.
८. मुलीची लाज राखा, तिच्यावर लक्ष ठेवा.
९. शाळा हा मुलाचा हक्क आहे.

आज घरी गेल्यावर दिनदर्शिकेचे एक जुने पान काढा आणि खिळ्याला अडकवा. शेजारी पेन्सिल बांधा. उद्या सकाळी सहा वाजता त्यावर पहिले अक्षर लिहा. थेंबे थेंबे तळे साचे. आठवड्याने ते पान वर्गात आणा. आपण मिळून वाचू.